शालजोडीतले: १९५० च्या आसपासच्या कादंबऱ्यांमधला सामाजिक उपहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या कादंबऱ्यांबद्दल बोलायला लागलं की तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून ठेवतोय. मी प्राध्यापक वगैरे नाही, साधा वाचक आहे, आणि माझे लाडके-नावडते लेखक आहेत, ते काही लपवणार नाही.

प्र. यात गोष्टींचे शेवट फोडलेत का?

हो, दोन-तीन ठिकाणी. चालवून घ्या.

प्र. सामाजिक उपहास म्हणजे शेवटी विनोदी कादंबरीच ना?

नाही, पण गल्लत होते खरी. एखादा माणूस केळीच्या सालीवरून घसरला, हा विनोद. तो घसरल्यावर त्याला उचलायला कोणी पुढे व्हायचं हे ठरवताना चार जण आधी एकमेकांचा हुद्दा बघतात, हा सामाजिक उपहास. म्हणजे हसू माणसाच्या फजितीवर नसतं, त्या फजितीभोवती जे नियम उभे असतात त्यांच्यावर असतं. विडंबन अजून वेगळं, त्यात लिहिण्याच्या ढंगाचीच नक्कल असते. मराठीत आपल्याकडे यासाठी फार छान शब्द आहे, शालजोडीतला. जोडाच असतो तो, फक्त शालीत गुंडाळून मारलेला. या काळातल्या कादंबऱ्यांमध्ये शाल इतकी मऊ असते की बऱ्याच जणांना आपल्याला जोडा बसला हे पुस्तक संपल्यावर कळतं. काहींना तेव्हाही कळत नाही आणि ते म्हणतात काय छान घरगुती गोष्ट आहे.

प्र. विसाव्या शतकाचा मध्य म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत?

ढोबळमानाने दुसरं महायुद्ध संपल्यापासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत. श्रीलाल शुक्लांचं ‘राग दरबारी’ १९६८ चं आहे, म्हणजे जरा बाहेर जातं, पण त्याला बाहेर ठेवायची माझी तयारी नाही.

प्र. नेमकं त्याच काळात एवढं सगळं का लिहिलं गेलं?

कारण जिना हलत होता. इंग्लंडचं बोलायचं तर १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण फुकट झालं, १९४५ ला मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला, १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, वारसा कर एवढे वाढले की मोठमोठे वाडे विकायची किंवा पाडायची वेळ आली, आणि त्यात रेशनिंग, ते तर युद्ध संपून नऊ वर्षं झाली तरी चालूच होतं, १९५४ च्या जुलैमध्ये मटणावरचं रेशनिंग उठलं तेव्हा कुठे संपलं. म्हणजे बघा, ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचा पैसा गेला पण ऐट राहिली, आणि ज्यांना शिक्षण मिळालं त्यांना नोकरी लागली पण सुप कसं प्यायचं ते माहीत नाही. उपहासाला यापेक्षा चांगली जमीन मिळत नाही. सगळं स्थिर असतं तेव्हा नियम कोणाला दिसतच नाहीत, आणि सगळं कोसळलं की रडायचं असतं. मधली जी डुगडुगती अवस्था असते ना, जिन्याची पायरी पायाखाली हलतेय पण वर चढणारा आणि उतरणारा दोघेही ‘काही नाही, काही नाही’ म्हणतायत, तिथे ही पुस्तकं जन्माला येतात.

प्र. सुरुवात कुठून करू?

किंग्स्ली एमिसचं ‘लकी जिम’, १९५४. डोळे झाकून.

गोष्ट साधी आहे. जिम डिक्सन एका छोट्या गावच्या युनिव्हर्सिटीत मध्ययुगाचा इतिहास शिकवतो, नोकरी टेम्पररी, ती टिकवणं प्रोफेसर वेल्चच्या हातात, आणि वेल्च हा असा माणूस की गाडी चालवताना वाक्य अर्धवट सोडून दुसरंच बोलायला लागतो. डिक्सनला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आहे. त्याने एक लेख लिहिलाय, १४५० ते १४८५ या काळातल्या जहाजबांधणी तंत्रातल्या घडामोडींचा आर्थिक परिणाम, असलं काहीतरी, आणि त्या लेखाची सुरुवातच ‘या विचित्रपणे दुर्लक्षित राहिलेल्या विषयाकडे बघताना’ अशी आहे, त्यावर तो स्वतःच मनात म्हणतो, कसला विषय, कसलं दुर्लक्ष आणि त्यात विचित्र काय. ज्यांनी कधी रिसर्च पेपर नावाचा प्रकार वाचलाय त्यांना इथे खुर्ची सोडून उठावं लागतं.

आता चादरीचा प्रसंग. वेल्चच्या घरी वीकेंडला पाहुणा म्हणून गेलेला डिक्सन रात्री पिऊन येऊन झोपतो आणि सकाळी उठतो तर त्याच्या सिगरेटने चादर जळलेली, ब्लँकेट जळलेलं, गालिचा आणि टेबलसुद्धा. कबूल करून माफी मागायची सोडून तो काय करतो, तर दाढीचं ब्लेड घेऊन जळलेल्या भोकांच्या काळ्या कडा नीट कापून काढतो. म्हणजे भोक राहतंच, पण आता ते जळल्याचं दिसत नाही. मला विचाराल तर अख्खी पुस्तकाची भानगड या ब्लेडमध्ये आहे. नुकसान लपवता येत नाही, पण त्याचा प्रकार बदलता येतो, आणि ज्या संस्थेत तो काम करतो ती दुसरं काय करते?

शेवटचं भाषण तर वाचाच. दारू पिऊन स्टेजवर उभा राहिलेला डिक्सन नकळत वेल्चच्या आवाजात बोलायला लागतो, तिथून सावरतो तर प्रिन्सिपलच्या आवाजात, आणि मग कळतं की ज्यांचा त्याला राग आहे त्यांचेच आवाज त्याच्या तोंडात बसलेत, स्वतःचा आवाज काढायला गेला की घसरतो.

प्र. ‘अँग्री यंग मेन’ म्हणतात ते हेच का?

पन्नासच्या दशकातल्या तरुण इंग्रज लेखकांना पेपरवाल्यांनी चिकटवलेलं लेबल आहे ते. एमिस फार रागावलेला नव्हता, वैतागलेला होता, दोन्हीत फरक आहे. गंमत म्हणजे ‘लकी जिम’ला सॉमरसेट मॉम या जुन्या नामवंत कादंबरीकाराच्या नावाचं पारितोषिक मिळालं आणि त्याच मॉमने १९५५ च्या शेवटी पेपरात लिहिलं की सरकारी पैशावर शिकणारी ही नवी पोरं म्हणजे गाळ आहे. असं वाक्य एखाद्या कादंबरीत पात्राच्या तोंडी घातलं असतं तर लोक म्हणाले असते जरा जास्तच झालं.

प्र. बार्बरा पिम वाचायला घेतली, पन्नास पानं झाली, काहीच घडत नाहीये. मी काय मिस करतोय?

बहुतेक चहा.

‘एक्सलंट विमेन’ (१९५२) मध्ये मिल्ड्रेड लॅथबरी ही पाद्र्याची मुलगी, तिशी ओलांडलेली, लग्न नाही, चर्चचं काम करणारी. सगळ्यांना मदत करणारी म्हणून सगळे तिला गृहीत धरतात. एकदा चर्चच्या कामासाठी बायका जमलेल्या असताना चहाची वेळ होते आणि हिच्या तोंडून सहज निघून जातं, आपल्याला चहाची खरंच गरज आहे का? एवढंच. पण समोरची बाई अशी गडबडते, असा दुखावलेला चेहरा करते, की जणू हिने देव आहे का असं विचारलं. आणि मिल्ड्रेड लगेच सावरून घेते, तसं नाही हो, मी आपलं उगाच. तिच्या आयुष्यातलं बंड तेवढंच, अर्ध्या वाक्याचं. पण त्या अर्ध्या वाक्यात बायकांनी किटल्या उचलत कसे दिवस काढले ते सगळं येतं.

दुसरी जागा म्हणजे टॉयलेट पेपर. खालच्या मजल्यावर नवं जोडपं राहायला येतं, बाथरूम सामायिक, आणि मिल्ड्रेडच्या डोक्यात पहिला हिशोब काय येतो तर आता तिघांच्या टॉयलेट पेपरचा भार आपल्या एकटीवर पडणार की काय. पिम हे सगळं अजिबात आवाज न चढवता लिहिते. म्हणून घाईने वाचलं तर हातातून निसटतं. जेवताना कोणी एखादं वाक्य अगदी सहज बोलावं आणि आपल्याला रात्री झोपताना कळावं की अरे, तो टोमणा होता, तशी तिची पद्धत.

तिचं स्वतःचं काय झालं तेही ऐका. १९६३ मध्ये तिच्या नेहमीच्याच प्रकाशकाने पुढचं पुस्तक नाकारलं, नंतर चौदा वर्षं तिचं काही छापून आलं नाही. १९७७ ला ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने दुर्लक्षित लेखकांची नावं मागवली तेव्हा कवी फिलिप लार्किन आणि समीक्षक लॉर्ड डेव्हिड सेसिल या दोघांनीही तिचंच नाव दिलं, आणि त्याच वर्षी तिची कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत पोचली. तोपर्यंत ती एका ऑफिसात काम करून रिटायर झालेली होती.

प्र. ते ‘यू’ आणि ‘नॉन-यू’ प्रकरण काय आहे?

हे मजेदार आहे. बर्मिंगहॅमला अॅलन रॉस नावाचे भाषाशास्त्राचे प्रोफेसर होते, त्यांनी १९५४ मध्ये फिनलंडच्या एका विद्वान जर्नलमध्ये लेख लिहिला की इंग्लंडमध्ये वरच्या वर्गाची ओळख आता पैशाने पटत नाही, फक्त भाषेने पटते. ‘यू’ म्हणजे अपर क्लास, ‘नॉन-यू’ म्हणजे बाकी सगळे. जेवताना मांडीवर घ्यायच्या रुमालाला नॅपकिन म्हणाल तर यू, सर्व्हिएट म्हणाल तर नॉन-यू. आरशाला लुकिंग-ग्लास म्हणा, मिरर म्हणालात की संपलं. नवश्रीमंत माणूस जास्त झुळझुळीत शब्द वापरायला जातो आणि तिथेच पकडला जातो.

रॉसच्या लेखात नॅन्सी मिटफर्डच्या ‘द परस्यूट ऑफ लव्ह’ (१९४५) या कादंबरीचा आधार होता, मग मिटफर्डने १९५५ ला ‘एन्काउंटर’ मासिकात त्यावर लेख लिहिला आणि देशभर लोक आपापले शब्द तपासत बसले. खरा जोक हा आहे. कादंबरीतले अंकल मॅथ्यू भाचीवर भडकतात की शाळेत जाऊन ही पोरगी मिरर आणि मँटलपीस, हँडबॅग आणि परफ्यूम असले शब्द शिकून आली, ते वाचून हसायचं होतं अंकल मॅथ्यूला, आणि वाचकांनी काय केलं, यादी पाठ केली.

आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. पाणी आणि पानी, आलो होतो आणि आल्तो, यावरून समोरच्याचं गाव, जात, शाळा सगळं दोन सेकंदांत ठरवून मोकळे होणारे लोक मराठीत काय कमी आहेत का.

प्र. पण हे लेखक स्वतःच वरच्या वर्गातले होते, मग ही टीका खरी कशी?

हा या सगळ्यातला मुख्य प्रश्न आहे, जरा लांब उत्तर देतो.

माझं म्हणणं असं की चांगला सामाजिक उपहास घरातल्या माणसालाच जमतो. बाहेरच्याला वाडा दिसतो, आतल्याला कुठल्या फळीवर पाय दिला की करकर होते ते माहीत असतं. अंकल मॅथ्यू हे मिटफर्डच्या वडिलांवरून घेतलेत, १९१५ मध्ये ज्या कुदळीने आठ जर्मन मारले ती त्यांनी शेकोटीच्या वर टांगून ठेवलीय, घरच्या मुलांच्या मागे ते शिकारी कुत्रे सोडतात, आयुष्यात एकच पुस्तक वाचलंय आणि ते इतकं आवडलं की दुसरं वाचायची गरज वाटली नाही. हा माणूस भयंकर आहे आणि मिटफर्डचं त्याच्यावर प्रेम आहे, दोन्ही एकाच वाक्यात. नुसता राग असता तर ते व्यंगचित्र झालं असतं आणि नुसतं प्रेम असतं तर आठवणींचं पुस्तक.

अँथनी पॉवेलच्या बारा खंडांच्या मालिकेत (१९५१ ते १९७५, हो, बारा) विडमरपूल नावाचं पात्र आहे. हा शाळेत आला तेव्हा त्याचा ओव्हरकोट चुकीचा होता. नक्की काय चुकीचं होतं हे निवेदकालाही सांगता येत नाही, त्याने ऐकीव गोष्टच ऐकलेली, आणि तो कोट लवकरच बदललासुद्धा, पण नाव पडलं ते पडलं. पुढच्या एका पार्टीत एक मुलगी त्याच्या डोक्यावर साखर ओतते. आपण हसतो. आणि हाच माणूस एकेक पायरी चढत लॉर्ड होतो, सत्तेत जातो, तोपर्यंत आपल्या लक्षात येतं की त्या कोटावर हसणाऱ्यांनीच हे प्रकरण तयार केलंय, आणि हसणाऱ्यांत आपणही होतो. निवेदक त्याच शाळेतला, त्याच पार्टीतला, म्हणून हा घाव बसतो.

एव्हलिन वॉ याचं उलट उदाहरण, म्हणजे आतला माणूस जेव्हा फार आत जातो तेव्हाचं. ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९४५) त्याने युद्धात लिहिलं, वाडे आता संपणार अशा दुःखात. नंतर सुधारून काढलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने कबूलच केलं की हे म्हणजे रिकाम्या शवपेटीपुढे केलेलं स्तुतिपर भाषण झालं, वाडे काही संपले नाहीत, आणि पुस्तकात खाण्यापिण्याची जी रेलचेल आहे ती युद्धातल्या उपासमारीतून आली. स्वतःच्या पुस्तकाबद्दल एवढं खरं बोलणारा लेखक मला आवडतो, पुस्तक तेवढं आवडत नाही. त्याऐवजी ‘मेन अॅट आर्म्स’ (१९५२) घ्या, त्यात एपथॉर्प नावाचा अफसर एक फिरती संडासपेटी जिवापाड लपवत फिरतो आणि त्याचा ब्रिगेडियर ती पळवण्यासाठी लढाई असावी तसे डावपेच लढवतो. आख्ख्या सैन्यात रणनीती म्हणावी अशी एकच गोष्ट घडते, ती या पेटीवरून.

प्र. मग बाहेरच्या माणसाने लिहिलं तर काय होतं?

वॉचंच उदाहरण देतो. १९४७ ला ‘ब्राइड्सहेड’वर सिनेमा करायच्या बोलणीसाठी तो हॉलिवूडला गेला, सिनेमा काही झाला नाही, पण तिथली एक चकाचक दफनभूमी बघून आला आणि १९४८ ला ‘द लव्हड वन’ लिहिली. त्यात मृतांना मेकअप करणारी एक मुलगी आहे, आणि तिच्या प्रेमात पडलेला मुख्य शवसंस्कारक आहे जो तिच्याकडे पाठवायच्या प्रेतांच्या चेहऱ्यावर मुद्दाम गोड हसू बसवून पाठवतो. तिने दुसऱ्याशी लग्न ठरवलं की प्रेतं एकदम उदास चेहऱ्याने यायला लागतात. ही कल्पना सुचायला सैतानी डोकं लागतं, मान्य, आणि मी खूप हसलो. पण त्या मुलीबद्दल लेखकाला काहीही वाटत नाही, शेवटी तिचं जे होतं तेही तो एक गैरसोय निस्तरावी तसं निस्तरतो. थंडगार पुस्तक आहे. घरचं माणूस असतं तर कुठेतरी हात थरथरला असता.

आणि त्याच्याच ‘ब्लॅक मिस्चिफ’मध्ये (१९३२) कल्पित आफ्रिकी देशाची जी टिंगल आहे ती आज वाचवत नाही. ‘त्या काळी चालायचं’ हे उत्तर मला पटत नाही, त्या काळीही ज्यांच्यावर ते होतं त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. वाचायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून वाचा, वरच्यावर मारलेला जोडा आणि खालच्यावर मारलेला जोडा यात फरक असतो.

प्र. ऑरवेलचं नाव कसं नाही?

‘अॅनिमल फार्म’ (१९४५) राजकीय रूपक आहे, क्रांती कशी फसते ते. सामाजिक उपहास म्हणजे चालीरीती, वर्ग, शिष्टाचार. त्यासाठी त्याची १९३६ ची ‘कीप द अॅस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ बघा, त्यातला भाडेकरू घरमालकिणीच्या चोरून खोलीत चहा करतो आणि चोथा संडासात नेऊन टाकतो.

प्र. यातलं सगळ्यात क्रूर पुस्तक कुठलं?

म्युरिएल स्पार्कचं ‘द गर्ल्स ऑफ स्लेंडर मीन्स’, १९६३. दिसायला सगळ्यात गोड.

१९४५ चं लंडन, घरापासून लांब नोकरी करणाऱ्या तरुण मुलींचं हॉस्टेल. कपड्यांना कूपनं लागतात, साबणाची अदलाबदल चालते, आणि सगळ्यांत मिळून एक भारी डिझायनर ड्रेस आहे जो आळीपाळीने बाहेर जाताना घालायचा. वरच्या मजल्यावर संडासाची एक छोटी खिडकी आहे, सात इंच बाय चौदा इंच, तिच्यातून गच्चीवर जाता येतं, पण ज्यांची कंबर मावते त्यांनाच. अर्धं पुस्तक हा चेष्टेचा विषय आहे, कोण मावते, कोण अंगाला काय चोपडून मावते. सगळ्यात सुंदर मुलगी सेलिना रोज सकाळ-संध्याकाळ दोन वाक्यं जपासारखी म्हणते, शांत आणि तोलदार कसं राहावं याची, कोर्समध्ये शिकवलेली.

मग बागेत पुरलेला जुना बॉम्ब फुटतो, आग लागते, जिना जातो, आणि आता जगायचं की मरायचं ते त्या सात इंचांवर ठरतं. बारीक मुली निघतात. बाकीच्या आत, टेपने कंबर मोजतायत. आणि निसटलेली सेलिना त्याच खिडकीतून परत आत जाते. आपल्याला वाटतं मैत्रिणीला वाचवायला. ती बाहेर येते तेव्हा तिच्या हातात तो ड्रेस असतो.

स्पार्क यावर एक शब्द बोलत नाही. मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो, कारण मीही तोपर्यंत कोण मावतं आणि कोण नाही यावर मजेत हसत होतो.

प्र. अमेरिकन कादंबऱ्यांत हे आहे का, की फक्त इंग्रजांची मक्तेदारी?

आहे की, आणि जास्त मोठ्या आवाजात. मेरी मॅकार्थीची ‘द ग्रोव्हज ऑफ अकॅडेम’ (१९५२) घ्या. सगळ्या देशात कम्युनिस्ट शोधायचं खूळ चाललेलं, लोकांच्या नोकऱ्या जातायत. अशा वेळी एका पुरोगामी कॉलेजातला आळशी प्राध्यापक, त्याचं काँट्रॅक्ट संपणार असतं, तो अफवा पसरवतो की मी कम्युनिस्ट पार्टीत होतो म्हणून मला काढतायत. झालं, सगळी उदारमतवादी मंडळी त्याच्या बाजूने उभी, कारण आता त्याला काढलं तर आपण प्रतिगामी ठरू. शेवटी राजीनामा द्यावा लागतो तो प्रेसिडेंटला. मॅकार्थीने स्वतः अशा कॉलेजांत शिकवलेलं होतं. पुन्हा घरचं माणूस.

राल्फ एलिसनच्या ‘इनव्हिजिबल मॅन’मध्ये (१९५२) रंगाच्या कारखान्याचं प्रकरण आहे, त्या अख्ख्या दशकात यापेक्षा धारदार काही मी वाचलेलं नाही. काळा तरुण कामाला लागतो, कंपनीचा अभिमानाचा माल म्हणजे झगझगीत पांढरा रंग, सरकारी स्मारकाला जाणारा. त्याचं काम काय, तर प्रत्येक डब्यात काळ्या द्रावणाचे मोजून दहा थेंब टाकायचे आणि ते नाहीसे होईपर्यंत ढवळायचं. त्याशिवाय पांढरा तसा पांढरा होत नाही. पुढे चुकून तो भलत्याच टाकीतलं द्रावण टाकतो, रंगात राखाडी झाक येते, ती त्याला दिसते, गोऱ्या सुपरवायझरला दिसत नाही. एलिसन कुठेही म्हणत नाही की बघा हं, याचा अर्थ असा असा. मीही म्हणत नाही.

आणि जोसेफ हेलरचं ‘कॅच-२२’ (१९६१). हेलर स्वतः युद्धात बॉम्बर विमानातून साठ मोहिमांवर गेलेला. त्यातल्या डॉक्टर डॅनिकाला विमानाची भीती वाटते पण उड्डाणभत्ता हवाय, म्हणून तो न जाताच प्रवाशांच्या यादीत नाव घालून घेतो. ते विमान डोंगरावर आपटतं. यादीत नाव आहे म्हणजे डॉक्टर मेला. तो बिचारा तिथेच उभा आहे, लोकांना हात लावून सांगतोय अरे मी जिवंत आहे, पण सही-शिक्क्याचा कागद म्हणतो मेला, तर मेला. बायकोला पेन्शन आणि इन्शुरन्स इतका सुरू होतो की ती घर बदलून निघून जाते, पत्ता न ठेवता.

प्र. आणि आपल्याकडचं?

आर. के. नारायण यांचं ‘द फायनान्शियल एक्सपर्ट’ (१९५२) बघा, मारगय्या सहकारी बँकेसमोर वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि शेतकऱ्यांना त्याच बँकेचं कर्ज कसं काढायचं ते शिकवून पोट भरतो. बँक आत, बँकिंग बाहेर.

मराठीत भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ (१९६३). तिला कोणी उपहासाची कादंबरी म्हणत नाही, उदास, अस्तित्ववादी वगैरे म्हणतात, पण पांडुरंग सांगवीकर जेव्हा कॉलेज, हॉस्टेल आणि पुण्याच्या शहाणपणाकडे बघतो तेव्हा शालजोडीतल्यांचा नुसता पाऊस पडतो. त्याचं ते सारखं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ म्हणजे पुस्तकी भाषेलाच तिच्याच शब्दांनी मारलेली कोपरखळी आहे.

‘राग दरबारी’बद्दल मात्र थांबून बोलायला हवं. शुक्ल स्वतः उत्तर प्रदेशात सरकारी अधिकारी होते, म्हणजे ज्या टेबलाची ते टोपी उडवतात त्या टेबलाच्या पलीकडे बसलेले. त्यात लंगड नावाचा माणूस आहे, त्याला तहसिलीतून एका कागदाची नक्कल हवीय. नकलनवीस पैसे मागतो. लंगड म्हणतो, मी लाच न देता नियमाने घेणार, आणि नकलनवीस म्हणतो, मग मीही नियमानेच देणार. झालं. अर्जावर तिकीट कमी, अर्ज नामंजूर. पुन्हा अर्ज, पुन्हा नवीन खोट. कोणी बेकायदा काहीच करत नाही, हेच तर भयंकर आहे. गावातले लोक याला धर्मयुद्ध म्हणतात आणि मजा बघतात. पुस्तकाला १९६९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, सरकारी व्यवस्थेवर एवढं बोलून.

प्र. भाषांतरात हा उपहास टिकतो का?

कागदावरचा टिकतो, कानातला जातो. डॉक्टर डॅनिका कुठल्याही भाषेत मरेल, लंगडही कुठल्याही भाषेत रांगेत उभा राहील. पण नॅपकिन-सर्व्हिएटचं काय करणार? तळटीप द्यावी लागली की जोक मेला. ‘उदाहरणार्थ’चंही तसंच. हिंदी येत असेल तर शुक्ल मुळातूनच वाचा, इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर पिम मुळातून, पानाला जास्त वेळ लागला तरी.

प्र. मला हसूच येत नाही. प्रॉब्लेम माझ्यात आहे का?

नाही हो. एक तर यातली बरीच पुस्तकं हसवायला लिहिलेलीच नाहीत, ओठाचा कोपरा हलला तरी पुष्कळ. दुसरं, निवेदक कधीच डोळा मारत नाही, त्यामुळे कुठे हसायचं ते आपणच शोधायचं असतं. एक उपाय सांगतो, संवाद मोठ्याने वाचा. कोण कोणाला नावाने हाक मारतंय, कोण प्रश्नाचं उत्तर न देता दुसरंच बोलतंय, कोण सॉरी म्हणतंय आणि कोण कधीच म्हणत नाही, एवढं धरलं की आपोआप दिसायला लागतं. तरीही नाही आलं हसू तर सोडून द्या. मला पॉवेलचे बारा खंड संपवायला किती वर्षं लागली ते मी सांगत नाही.

प्र. बरं, मग वाचायचा क्रम काय?

‘लकी जिम’, मग ‘एक्सलंट विमेन’, मग स्पार्क, ती पातळ आहे, दोन बैठकीत होते, पण रात्री नका वाचू. त्यानंतर ‘राग दरबारी’ घ्या, म्हणजे इंग्रजांच्या चहाची चव जाईल. एलिसन निवांत वेळ असेल तेव्हा. ‘कॅच-२२’ शेवटी ठेवा, त्यात काळ पुढेमागे उड्या मारतो, पन्नासेक पात्रं एकदम अंगावर येतात आणि पहिली शंभर पानं काय चाललंय तेच कळत नाही, बरेच लोक तिथेच पुस्तक बंद करतात. करू नका. निदान डॉक्टर मरेपर्यंत तरी थांबा.